सड्यावर चढणारी खाणवाट

कोल्हापुराहून राधानगरीच्या किंवा गगनबावड्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे उसाचे मळे मागें पडतां पडतां पश्चिमेस सह्याद्रीची रांग वर येऊं लागते. नीट पाहणाराच्या ध्यानांत एक गोष्ट लवकरच येते, ती ही कीं, यांतल्या कित्येक डोंगरांना शिखर असें नाहींच. माथे सुरीनें कापल्यासारखे सपाट, आणि बहुतेक एकाच पातळींत, समुद्रसपाटीपासून सुमारें नऊशें ते एक हजार मीटर उंचीवर. या सपाट माथ्याला तिकडचे लोक सडा म्हणतात. पन्हाळगडावर सहलीला गेलेली मंडळी तबक-उद्यानांत बसून झुणका-भाकर खातात आणि परततात. पण ज्या भुईवर त्यांची पंगत बसते तीहि याच जातीच्या खडकाची आहे, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें.

अशा सड्यांवर चढणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. गुराख्याची वाट पाण्याकडे जाते, भाविकाची देवळाकडे, आणि व्यापाऱ्याची वाट घाट उतरून कोंकणांत. खाणवाटेचें तसें नाहीं. ती गांव टाळून निघते, डोंगराला वेढे घालीत माथ्यावर जाते, आणि तेथें एका मोठ्या खड्ड्याच्या कांठीं एकाएकीं संपते. खाण चालू असेल तोंवर तिच्यावर अष्टौप्रहर धूळ आणि खडखडाट. खाण संपली कीं दोन-चार पावसाळ्यांत तिची अशी दशा होते कीं, मोटार तर राहोच, बैलहि तिच्यावरून जपून पाऊल टाकतो. अशा वाटेनें वर जाणें कष्टाचें खरें. परंतु सह्याद्रीच्या पोटांत काय आहे आणि माणसानें त्याचें काय केलें, हें एकाच दिवसांत पायीं पाहावयाचें असेल तर याहून चांगली वाट सांपडणार नाहीं.

कोल्हापूर भागांत डोंगरांतून धातु काढण्याचा उद्योग कालपरवाचा नव्हे. विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या बाजूंस व सह्याद्रीलगतच्या पट्ट्यांत लोखंडाचा दगड सांपडतो, आणि एकोणिसाव्या शतकांतहि तो गाळून लोखंड काढीत असत. सह्याद्रीच्या माथ्यावर हें काम धावड करीत. त्यांची भट्टी म्हणजे मातीची एक ठेंगणी चिमणी; तींत दगडाचे खडे आणि लांकडी कोळसा थरावर थर भरावयाचे, खालून कातड्याच्या भात्यानें वारा घालावयाचा, आणि कांहीं तासांनीं भट्टी फोडून तांबडा-लाल गोळा सांडशीनें बाहेर ओढावयाचा. हा गोळा पुरता वितळलेला नसे. त्यांत मळ अडकलेला असे. तो गरम आहे तोंवर घणाखालीं ठोकून मळ काढीत. हा भट्टीचा मळ म्हणजेच वैद्यांचें लोहकिट्ट किंवा मंडूर. जितका जुना तितका तो गुणकारी, आणि शंभर वर्षांपूर्वींचा तर उत्तम, असें आयुर्वेदाचें मत आहे. तेव्हां विझलेल्या भट्टीचा उकिरडाहि आपल्याकडे अगदींच वायां गेला नाहीं!

वाटेच्या दृष्टीनें पाहिलें तर या जुन्या उद्योगांतली महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. लोखंड गाळण्यास दगडापेक्षांहि कोळसा अधिक लागतो, आणि कोळसा लागतो म्हणून रान लागतें. यास्तव भट्टी रानांत, दगडाच्या शेजारीं घालीत. चार-पांच भार दगडांतून जेमतेम एक भार लोखंड निघे, आणि तेवढेंच डोंगर उतरून खालीं जाई. बाकीचें वजन राख, धूर आणि मळ होऊन वरच राही. माणसाच्या डोक्यावरून किंवा बैलाच्या पाठीवरून हें ओझें सहज नेतां येई. बैलाच्या पाठीवर शंभर किलोच्या आसपास भार बसतो; तेवढ्यासाठीं रस्ता कोण बांधतो? पायवाट पुरे. ती अरुंद असली, उभी असली, मध्यें दगडांच्या पायऱ्या लागल्या, तरी चालत असे. पुढें कोळसा महाग झाला, मजुरी वाढली, मुंबईच्या बंदरांतून विलायती लोखंड स्वस्त येऊं लागलें, आणि भट्ट्या एकामागून एक विझल्या. त्यांच्या वाटा रानानें गिळल्या. कारवीचें रान तर पायवाट दोन वर्षांतहि मिटवून टाकतें.

त्यानंतर डोंगरावर जी खाण आली ती बॉक्साइटची. हें नांव फ्रान्सच्या दक्षिणेकडील ले बो या खेड्यावरून पडलें. १८२१ सालीं पिएर बर्थिए या शास्त्रज्ञानें तेथील तांबूस मातीची परीक्षा करून तींत अॅल्युमिनियमचा अंश विपुल असल्याचें दाखविलें. पण माती ओळखली म्हणून धातु मिळत नाहीं. तो काढण्याची स्वस्त रीत १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोन तरुणांना, एकमेकांची दादहि नसतां, एकाच वर्षीं सांपडली. आणि लवकरच बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानें बॉक्साइट स्वच्छ करण्याची कृति बसविली. तोंपर्यंत अॅल्युमिनियम हा श्रीमंतांच्या मेजावरचा धातु होता. त्यापुढें तो घराघरांतल्या भाताच्या पातेल्यांत येऊन बसला.

आतां या धातूचा हिशोब लोखंडाच्या उलट आहे. सुमारें चार टन बॉक्साइटपासून दोन टन अॅल्युमिना, आणि दोन टन अॅल्युमिन्यापासून एक टन अॅल्युमिनियम मिळतें. म्हणजे येथेंहि चारांतले तीन भाग टाकाऊच. परंतु ते वर टाकून येतां येत नाहींत. कॉस्टिक सोडा, वाफ, दाबाचीं पिंपें आणि विजेचा लोंढा हें सारें डोंगरमाथ्यावर कोण नेणार? कारखाना सपाटीवर रेल्वेच्या वाटेवर घालावा लागतो आणि डोंगर त्याच्याकडे न्यावा लागतो. बेळगांवास इंडियन अॅल्युमिनियम कंपनीचा कारखाना १९६९-७० च्या सुमारास उभा राहिला; पुढें ती कंपनी हिंडाल्कोंत विलीन झाली. चंदगड तालुक्यांतला कासारसडा, राधानगरी तालुक्यांतली दुर्गमानवाडी, शाहूवाडीकडचे सडे, अशा ठिकाणीं खाणी निघाल्या. चंदगडाहून बेळगांव तसें जवळ. पण राधानगरीच्या सड्यावरचा दगड शंभराहून अधिक किलोमीटर मोटारीनें गेला. जो डोंगर पूर्वीं शेरांनीं आणि मणांनीं उतरत होता तो टनांनीं उतरूं लागला, आणि पायवाटेच्या जागीं रस्ता आला.

या रस्त्याचा चढ कोणी आवडीनें ठरवीत नाहीं. तो ओझें ठरवितें. खाणींच्या नियमांप्रमाणें ट्रकच्या रस्त्याचा चढ साधारणतः सोळांस एक, म्हणजे सोळा पावलें चालल्यावर एक पाऊल उंची, याहून अधिक असूं नये. थोड्या टप्प्यापुरती दहांस एकपर्यंत मुभा असते. डोंगर पायथ्यापासून तीनशें मीटर उंच धरला, तर सोळांस एक या हिशोबानें रस्त्याची लांबी ४,८०० मीटर होते. तोच डोंगर गुराख्याची चारांस एक चढाची वाट १,२०० मीटरांत उरकते. उरलेलीं ३,६०० मीटर कोठें मांडावयाचीं? डोंगराच्या अंगावर, नागमोडी वळणांनीं. म्हणूनच खाणवाट दुरून पाहिली तर विळखा घातलेल्या दोरीसारखी दिसते, आणि तिचे फेरे मधून मधून तोडीत एक उभी पायवाट गेलेली असते. ही दुसरी वाट बहुधा रस्त्याहून जुनी असते. मोटारीसाठीं डोंगर कितीहि कापला तरी पायीं चालणारा माणूस आपली वाट सोडीत नाहीं.

बरें, चढापेक्षां उतारच कठीण. साध्या घाटांत भरलेली गाडी चढते आणि भरलेली उतरते. खाणवाटेवर गाडी चढते रिकामी आणि उतरते ती भरून. सारी जोखीम उतारावर. सोळा टन एकूण वजनाची गाडी तीनशें मीटर खालीं येते तेव्हां उंचीमुळें तिच्यांत असलेली शक्ति कोठें तरी खर्चीं पडावीच लागते. ती ब्रेकांत आणि एंजिनांत उष्णता होऊन जाते. ही उष्णता एकत्र केली तर सुमारें १४० लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल! ब्रेक तापून निकामी होऊं नयेत म्हणून चालक खालच्या गियरांत, एंजिनाला गाडी ओढून धरावयास लावून उतरतो. वळणांवर रस्ता रुंद केलेला, दरीच्या बाजूस मातीचा व दगडांचा बांध घातलेला, आणि जागोजागीं समोरून येणाऱ्या रिकाम्या गाडीसाठीं बगल दिलेली. खाण बंद पडल्यावर कित्येक वर्षांनींहि या खुणा राहतात. बांधावर करवंदीचीं जाळीं माजतात, बगलेंत गुरें रवंथ करीत बसतात. पण जाणत्याला वळणाच्या रुंदीवरून पूर्वीं येथून केवढी गाडी जात असे हें सांगतां येतें.

या वाटेनें चढूं लागणाराला पहिला अडथळा होतो तो सुट्या गोट्यांचा. रस्त्यावर पसरलेला मुरूम वाहून गेलेला असतो आणि त्याखालचे दगड उघडे पडलेले असतात. पाय टाकावा तो घसरतो. हे गोटे बहुतेक गोल कां, याचें कारण वरच्या कापलेल्या कड्यांत दिसतें. डोंगराचा बुंधा काळ्या बसाल्टाचा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीला भेगा पडून लाव्हारस वाहिला, थिजला, त्यावर पुन्हां वाहिला. असे थरांवर थर बसून दख्खनचें पठार झालें. हा खडक हवापाण्यानें सडतो तो कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनीं. कोपरे आधीं झडतात आणि मध्यें टणक गड्डा राहतो. तोच घरंगळून वाटेवर येतो. दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें विटेसारख्या तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येण्याच्या आधीं जो काळ गेला त्याची ही खूण. खालची भुई तेवढ्यांत सडून माती झाली आणि वरच्या रसानें भाजून निघाली.

अर्धा डोंगर चढल्यावर रंग बदलतो. काळ्याची जागा पिवळट, पांढुरकी, क्वचित् जांभळट चिकण माती घेते. ओली असतां ती साबणासारखी निसरडी, आणि येथेंच वाट सर्वांत अधिक खचलेली असते. रस्त्याचा निम्मा भाग दरींत गेला आहे आणि उरलेल्या निम्म्यावरून एका मागें एक चालावें लागत आहे, अशीं स्थळें बहुधा याच पट्ट्यांत लागतात. या मातीवर टोपीसारखा बसलेला थर जांभ्याचा. जांभा कोंकणांतल्या वाचकांस सांगावयास नको. त्यांचीं घरें त्याच्याच चिऱ्यांचीं. १८०७ सालीं फ्रान्सिस बुकानन यानें मलबारांत हा दगड कुऱ्हाडीनें कापतां येतो आणि उघड्यावर ठेवला कीं कठीण होतो हें पाहून विटेच्या लॅटिन नांवावरून त्याला लॅटेराइट हें नांव दिलें. बसाल्टावर लाखों वर्षें उष्ण देशाचा पाऊस पडत राहिला म्हणजे त्यांतलें सिलिका, चुना, सोडा हीं द्रव्यें विरघळून निघून जातात. लोह आणि अॅल्युमिनियम मात्र मागें राहतात. लोहाचा अंश जेथें अधिक तेथें जांभा, अॅल्युमिनियमचा जेथें अधिक तेथें बॉक्साइट. थोडक्यांत, कारखान्यांत जें काम पिंपांनीं करावें लागतें त्याची सुरुवात पावसानें वरच करून ठेविली आहे. हातांत घेतल्यास बॉक्साइटचा तुकडा पिवळट-तांबूस व सच्छिद्र असतो, आणि पुष्कळदां त्यांत वाटाण्याएवढ्या गोळ्या दिसतात.

पावसाचें प्रमाणहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. कोल्हापूर शहरांत वर्षाला सुमारें एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर गगनबावड्यास त्याच्या पांचपटीच्या आसपास. सडा हा त्या पावसाचा पहिला मानकरी. जांभा भोंकांभोंकांचा असल्यानें पाणी त्यांत शिरतें, खालच्या चिकण मातीवर येऊन अडतें, आणि जेथें डोंगराचा उतार तिला छेदतो तेथें झरा होऊन बाहेर पडतें. धनगरवाडे बहुधा अशा झऱ्यांच्याच आधारानें वसले आहेत. खालच्या भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांना, आणि पर्यायानें कोल्हापुरास पाणी देणाऱ्या पंचगंगेला, पाऊस सरल्यावर जी धार राहते तिला या माथ्यांवरच्या मुरलेल्या पाण्याचा हातभार असतो. शाहू छत्रपतींनीं राधानगरीस धरण बांधावयास घेतलें तें याच डोंगरांच्या पाण्याच्या भरंवशावर.

आतां खाण म्हणजे काय, तर ही टोपी काढून नेणें. बॉक्साइट खोल नसतें, म्हणून बोगदे लागत नाहींत. वरचा कठीण जांभा फोडावयाचा, खालचा दगड उचलावयाचा, आणि चिकण माती लागली कीं थांबावयाचें. जेवढी टोपी गेली तेवढी पाणी साठविण्याची जागा गेली. ती भरून काढण्याचे नियम आहेत. २००३ सालापासून खाण बंद करण्याचा आराखडा आधींच देणें खाणवाल्यांवर बंधनकारक झालें. खड्डा बुजवावा, काढून ठेवलेली माती पुन्हां पसरावी, झाडें लावावीं. यांतलें शेवटचें कलम ऐकावयास गोड लागतें, पण सड्याच्या बाबतींत तें जपूनच घेतलें पाहिजे. सड्यावर मोठीं झाडें मुळांतच नव्हतीं. उघड्या खडकावर बोटभर मातींत पावसाळ्यापुरतीं उगवणारीं सीतेचीं आसवें, गेंद, कीटकांवर जगणारें दवबिंदु, हीच तेथली संपत्ति. भाद्रपदांत सारा माथा निळा-पांढरा होतो. तेथें परदेशी अकेशियाची रांग उभी केल्यानें हिरवळ दिसते, सडा परत येत नाहीं. राधानगरीचें अभयारण्य १९५८ सालीं गव्यांसाठीं राखलें गेलें आणि २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर त्याचें नांव जागतिक वारशाच्या यादींत आलें. त्याच डोंगररांगेंतलीं ही फुलें मात्र कोणी गव्यासारखीं मोजीत नाहीं.

पण खाणवाटेचा प्रश्न इतका सरळ नाहीं, आणि तो एका बाजूनेंच पाहणें अन्यायाचें होईल. सड्यालगतच्या धनगरवाड्यांना खाण येण्यापूर्वीं रस्ताच नव्हता. दुधाचीं भांडीं डोक्यावरून खालीं जात, आणि आजारी माणूस घोंगडीच्या झोळींत घालून चौघांच्या खांद्यावर उतरे. दगडासाठीं झालेल्या रस्त्यानें दूध उतरलें, पोरें शाळेंत गेलीं, अडलेली बाळंतीण वेळेवर दवाखान्यांत पोहोंचली. खाण संपली म्हणून तो मोडून टाका, असें त्या वाड्यांतल्या माणसाला कोणत्या तोंडानें सांगावयाचें? आणि तो जसाच्या तसा सोडून दिला तर तो आपण होऊनच मोडतो, शिवाय डोंगरालाहि मोडतो. कारण रस्ता म्हणजे डोंगराच्या अंगावर काढलेली एक लांब पन्हळ आहे. वरच्या उतारावरचें जें पाणी शंभर ठिकाणीं फुटून खालीं गेलें असतें, तें सारें कापलेल्या कड्याशीं अडून रस्त्यावर जमतें. खाण चालू असतां कड्याच्या बाजूचे चर उपसले जातात आणि मोऱ्या मोकळ्या ठेवल्या जातात. तें थांबलें, एक मोरी पाचोळ्यानें तुंबली, कीं पाणी चाकोरींत शिरतें. पहिल्या वर्षीं चाकोरी वीतभर खोल होते, पुढें गुडघाभर. मग एका वळणावर पाणी बांध फोडून सरळ खालीं उडी घेतें, आणि तेथें घळ पडते. वाटेचा जो भाग आज सर्वांत अवघड व खडतर वाटतो तो बांधणाऱ्यांनीं तसा बांधलेला नव्हता; तो पाण्यानें मागाहून केलेला आहे.

अशी वाट पाहावयास जाणाऱ्यांनीं मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ निवडावा. पावसांत जळवा आणि निसरड, चैत्रांत उन्हानें तापलेला उघडा माथा. दोन्ही सोसवत नाहींत. वनखात्याची परवानगी लागते तेथें ती घ्यावी आणि वाड्यावरचा माहीतगार माणूस बरोबर असावा, कारण जुन्या खड्ड्यांच्या कडा खालून पोखरलेल्या असतात व गवताखालीं दिसत नाहींत. खड्ड्यांत साठलेलें पाणीहि दिसतें त्याहून खोल असतें. पहांटे व तिन्हीसांजेला वाटेवर गवे असतात. चंदगड-आजऱ्याकडे या शतकाच्या आरंभापासून कर्नाटकांतून हत्तीहि येऊं लागले आहेत.

मोऱ्या उपसण्याला यंत्र लागत नाहीं. कुदळ, पाटी, पहार, आणि रस्त्याला तिरके दगड रोवून चाकोरींतलें पाणी दर थोड्या अंतरावर दरीकडे काढून देणारे बुटके बांध, एवढीच त्याची सामग्री. हें काम मृग निघण्यापूर्वीं, माती कोरडी आहे तोंवर, वरच्या वळणापासून खालीं असें करावें लागतें. खालून सुरुवात केली तर पहिल्याच वळवानें वरचा गाळ येऊन खालची मोरी पुन्हां भरते.